नव्या बिऱ्हाडातला पास्ता

दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या एका स्टेशनाला रेल्वेने 'बेलापूर' असे नाव दिले, पण ते स्टेशन आहे श्रीरामपुरात. बेलापूर गाव तेथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी वसले आहे. या गावात नोकरीनिमित्त प्रथमच येणाऱ्या माणसाची येथेच थोडी फसगत होते. आमचीही झाली. आम्ही चौघे शिक्षक निरनिराळ्या जिल्ह्यांतून येऊन येथे रुजू झालो आणि दोन खोल्या भाड्याने घेऊन एकत्र राहू लागलो. घर सोडून राहण्याची चौघांचीही ही पहिलीच वेळ. पदव्या विज्ञानाच्या, पण कुकरला किती पाणी घालावे हे एकालाही ठाऊक नव्हते!

खाणावळ रविवारी संध्याकाळी बंद असे. पहिल्याच रविवारी आम्ही दुकानातून मॅकरोनीचे पाकीट आणले. 'उकळायचे आणि खायचे, त्यात काय अवघड?' अशी आमची समजूत. अर्ध्या तासाने पातेल्यात जे तयार झाले त्याला खळ म्हणता आले असते. घरमालकीण काकू डोकावून गेल्या आणि म्हणाल्या, "अहो सर, आमच्या चकोल्यासुद्धा अशा गळत नाहीत. वरणाला उकळी फुटल्याशिवाय सोडल्या होत्या का तुम्ही?"

काकूंच्या या एका प्रश्नात बरेच विज्ञान दडलेले होते. त्याचा शोध घेता घेता आम्ही स्वयंपाक शिकलो. ती हकीकत येथे सांगत आहोत.

पास्ता म्हणजे आपली शेवईच

पास्ता हा शब्द परका असला तरी वस्तू परकी नाही. गव्हाचा रवा किंवा पीठ पाण्यात घट्ट भिजवायचे, त्याला आकार द्यायचा, वाळवायचे आणि लागेल तेव्हा उकळायचे, एवढीच ही कृती. आपल्याकडे उन्हाळ्यात पाटावर वळलेल्या शेवया, लग्नाच्या रुखवतासाठी बायकांनी बोटांनी वळलेले गव्हले, नखुले आणि मालत्या हे सारे याच कुळातले. न वाळवता थेट उकळत्या वरणात सोडायच्या चकोल्या, म्हणजेच वरणफळे, हा ताज्या पास्त्याचा भाऊ म्हणावा लागेल.

फरक आहे तो गव्हात. चांगला पास्ता ज्या गव्हापासून करतात त्याला ड्युरम म्हणतात. आपण त्याला बन्सी या नावाने ओळखतो. याचा दाणा कठीण, काचेसारखा आणि पिवळसर असतो. दळला की त्याचा पिठापेक्षा रवाच अधिक पडतो. पोळीच्या नेहमीच्या गव्हाच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात, तर बन्सीच्या पेशीत २८. खपली गहूदेखील २८ गुणसूत्रांचाच. महाराष्ट्रात बन्सी गव्हावर बरेच संशोधन झाले आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था १९४६ मध्ये 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या नावाने स्थापन झाली. तिच्या गव्हाच्या वाणांना आजही त्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'एमएसीएस' असे संबोधतात. आमच्या शेजारच्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र निफाडला आहे. तेथूनही बन्सीचे वाण बाहेर पडले आहेत.

आमच्या पहिल्या पाकिटावर बारीक अक्षरात घटक छापलेले होते. ते आम्ही नंतर वाचले. त्यात मुख्य घटक मैदा होता! स्टेशनाचे नाव एक आणि गाव दुसरे, तसाच हा प्रकार. पाकीट घेताना 'ड्युरम गव्हाचा रवा' असे शब्द आहेत का, हे पाहावे, हा आमचा पहिला धडा.

जाळे आणि दाणे

गव्हात ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने असतात. पाणी घालून मळले की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे ताणले जाणारे जाळे तयार होते. इटलीतील बोलोन्याचे शास्त्रज्ञ बेक्कारी यांनी कणीक पाण्याखाली धुऊन हा चिवट पदार्थ वेगळा काढला. त्यांचे हे काम १७४५ मध्ये प्रसिद्ध झाले. या जाळ्यात पिष्टाचे असंख्य सूक्ष्म कण अडकलेले असतात.

पास्ता उकळत्या पाण्यात पडला की दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. उष्णतेने प्रथिनांचे जाळे घट्ट होते. त्याच वेळी पिष्टाचे कण पाणी शोषून फुगू लागतात. गव्हाच्या पिष्टाचे हे फुगणे साधारण ५५ ते ६५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान घडते. जाळे वेळेवर घट्ट झाले तर फुगलेले कण आत अडकून राहतात आणि तुकडा अखंड राहतो. जाळे कमकुवत असेल तर कण फुटतात, पिष्ट पाण्यात उतरते आणि खळ होते. आमचे नेमके हेच झाले होते. मॅकरोनी आम्ही थंड पाण्यातच घालून ठेवली होती. पाणी तापेपर्यंत तिच्या पृष्ठभागावरचे पिष्ट सुटून तुकडे एकमेकांना चिकटले, आणि मैद्याचे जाळे ते धरून ठेवायला अपुरे पडले. काकूंचा उकळीचा आग्रह रास्त होता.

मग ज्यांत ग्लुटेन नाही त्या पिठांचे काय? नगर जिल्ह्यात हुलग्याची शेंगोळी घरोघरी होतात. हुलग्याच्या पिठात असे जाळे बनत नाही. त्यामुळे शेंगोळी खळखळत्या पाण्यातच सोडावी लागतात, म्हणजे त्यांचा पृष्ठभाग चटकन शिजून बांधला जातो. ज्वारीची भाकरी करताना पिठात गरम पाणी घालतात, त्यामागेही हेच कारण आहे. प्रथिनांचे जाळे नाही, म्हणून थोडे पिष्ट आधीच फुगवून त्याच्याकडून चिकटपणाचे काम करून घ्यायचे.

पांढरा ठिपका

शिजला की नाही, हे कसे ओळखावे? दर मिनिटाला एक तुकडा बाहेर काढून तो आडवा कापावा आणि भिंगातून पाहावा. मध्यभागी पांढरा ठिपका दिसतो. तेथवर पाणी अजून पोहोचलेले नसते. ठिपका लहान होत होत जेमतेम दिसेनासा झाला की आच बंद करावी.

या निरीक्षणातून एक सुंदर नियम हाती लागतो. पाणी पृष्ठभागाकडून आत विसरणाने शिरते आणि विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ सुमारे चौपट लागतो. पावणेदोन मिलिमीटर जाडीची स्पॅगेटी शिजायला नऊ-दहा मिनिटे लागतात. तिच्या निम्म्या जाडीच्या शेवईला दोन-अडीच मिनिटे पुरतात. शेवयांची खीर झटपट का होते, याचे उत्तर हे आहे.

पाणी, मीठ आणि गॅस

बेलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. म्हणून येथे पाणी ९८ अंशांच्या थोडे वर उकळते. शाळेच्या तापमापीने आम्ही ते मोजले. मीठ घातल्याने पाणी अधिक तापते आणि पास्ता लवकर शिजतो, असे पुष्कळ जण सांगतात. लिटरला १० ग्रॅम मीठ घातले तर उत्कलनबिंदू जेमतेम ०.१७ अंशाने वाढतो. मीठ चवीसाठीच घालायचे. तेलाचेही तसेच. ते पाण्यावर तरंगते, तळाशी असलेल्या पास्त्यापर्यंत पोहोचतच नाही. चिकटू नये म्हणून पहिली दोन मिनिटे ढवळणे हाच खरा उपाय.

दुसऱ्याच महिन्यात सिलिंडर अपेक्षेपेक्षा आधी संपला, तेव्हा आम्ही हिशेब मांडला. तीन लिटर पाणी २८ अंशांवरून ९८ पर्यंत नेण्यास २१० किलोकॅलरी लागतात. शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर त्यासाठी सुमारे ३२ ग्रॅम गॅस जळतो. पुढे दहा मिनिटे मोठ्या आचेवर खळखळ उकळू दिले, तेव्हा आमच्या पातेल्यातले ३०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन गेले. एवढ्या वाफेला आणखी २५ ग्रॅम गॅस लागतो! आणि पाणी कितीही खळखळले तरी त्याचे तापमान ९८ अंशांवर जात नाही. म्हणजे हे २५ ग्रॅम जवळजवळ वायाच.

आता आम्ही चारशे ग्रॅम पास्त्याला दोन लिटर पाणी घेतो. उकळी आल्यावर पास्ता घालून दोन मिनिटे ढवळतो, झाकण घट्ट बसवतो आणि आच बंद करतो. पास्ता घातल्यावर पाण्याचे तापमान पाच-सहा अंशांनी उतरते, पुढेही हळूहळू उतरत जाते. पण पिष्ट फुगण्यास लागणाऱ्या ६५ अंशांपेक्षा ते बराच वेळ पुष्कळ वर राहते. नेहमीपेक्षा एक-दोन मिनिटे जास्त द्यावी लागतात, इतकेच. २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेले इटालियन शास्त्रज्ञ जॉर्जो परीसी यांनी २०२२ मध्ये, युरोपात इंधन महागले असताना, याच पद्धतीची शिफारस केली. त्यावर त्यांच्या देशातील आचाऱ्यांनी बरीच नाके मुरडली. आम्ही मात्र समाधानी आहोत.

वरची भाजीही सोपी आहे. दोन कांदे, सात-आठ लसूणपाकळ्या आणि एखादी मिरची तीन चमचे तेलात परतावी. त्यात अर्धा किलो टोमॅटो चिरून घालावे आणि ते मऊ होऊन तेल सुटेपर्यंत शिजवावे. मग पास्त्याचे एक वाटी गढूळ पाणी घालावे. ते ओतून देऊ नये, कारण त्यात उतरलेले पिष्ट तेल आणि पाणी यांना एकजीव करते. वरणफळाचे वरण दाट होते तेही असेच. गव्हाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते. वरणफळात ही उणीव आपोआप भरून निघते. पास्त्यात मूठभर उकडलेले हरभरे किंवा अंडे घातले की तेच साधते.

एक इशारा

एप्रिलमधल्या एका रात्री उरलेला पास्ता आम्ही तसाच ओट्यावर झाकून ठेवला. सकाळी वास चांगला होता, म्हणून आमच्यापैकी एकाने तो गरम करून खाल्ला. दुसऱ्या तासालाच त्याला वर्गातून बाहेर धावावे लागले. दुपारपर्यंत उलट्या थांबेनात, शेवटी त्याला दवाखान्यात न्यावे लागले. डॉक्टरांनी शिळ्या अन्नाचीच शंका व्यक्त केली.

बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूची बीजुके उकळल्यानेही मरत नाहीत. शिजवलेला भात किंवा पास्ता कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही आणि त्याला वासही येत नाही. म्हणून उरलेले अन्न दोन तासांच्या आत, कडक उन्हाळ्यात तासाभरातच, फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिज नसेल तर मोजूनच शिजवावे. आम्ही आता माणशी १०० ग्रॅम तोलून घेतो. शिजल्यावर त्याचे वजन दुपटीहून थोडे अधिक होते आणि पोट भरते.

वर्गात करून पाहा

१. पोळीच्या कणकेचा लिंबाएवढा गोळा अर्धा तास झाकून ठेवा. मग वाटीभर पाण्यात तो हलक्या हाताने चोळून धुवा. पाणी दुधाळ होईल आणि हाती रबरासारखे ग्लुटेन उरेल. ज्वारीच्या पिठाचा गोळा घेऊन हेच करा. हाती काय उरते?

२. ते दुधाळ पाणी उकळून थंड करा आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा-काळा रंग येईल. तापवल्यावर रंग जातो आणि थंड झाल्यावर परत येतो. असे का व्हावे, यावर विद्यार्थ्यांना तर्क करू द्या.

३. शेवई, स्पॅगेटी आणि जाड नळीचा पास्ता यांची जाडी मोजा. नळीच्या बाबतीत तिच्या भिंतीची जाडी घ्या, कारण पाणी आतूनही शिरते. पांढरा ठिपका नाहीसा होण्यास लागणारा वेळ आणि जाडीचा वर्ग यांचा आलेख काढा.

आमच्या शाळेतील बारावीची मुले-मुली दरवर्षी नगर, पुणे, नाशिककडे शिकायला जातात. मुलींना घरी थोडेफार शिकवलेले असते, मुलगे मात्र आमच्यासारखेच कोरे निघतात. म्हणून यंदा तिसरा प्रयोग आम्ही मुलग्यांच्या हाती दिला. आलेख काढून झाल्यावर एका मुलाने भीत भीत विचारले, "सर, आता हे खायचं का?" भांडी स्वच्छ होती आणि हा प्रयोग आम्ही आयोडीनच्या बाटलीपासून दूर, शाळेच्या पोषण आहाराच्या ओट्यावर केला होता. आम्ही होकार दिला. फोडणी देताना त्याने लसूण थोडा करपवला. पण पास्ता मात्र एकही तुकडा न चिकटता सुटासुटा झाला होता.