खोट्या तलवारीची वंशावळ

पितळेची एक नळी. वर निकेलचा चकचकीत मुलामा, अंगावर लाल बटण आणि बुडाशी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या ग्राफ्लेक्स कंपनीचं नाव. १९४०-५० च्या काळात अमेरिकेतले वार्ताछायाचित्रकार कॅमेऱ्याला फ्लॅशचा बल्ब जोडायचे, त्याच्या बॅटऱ्या या नळीत बसत. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स'साठी सेटची सजावट करणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांना लंडनमधल्या कॅमेऱ्यांच्या एका दुकानात अशा नळ्या सापडल्या. त्यांनी मुठीवर काळ्या पट्ट्या चिकटवल्या, नळीवरच्या क्लॅम्पमध्ये खिशातल्या कॅल्क्युलेटरमधली, आकडे मोठे करून दाखवणारी भिंगांची पट्टी सरकवली आणि ल्यूक स्कायवॉकरची 'लाइटसेबर' तयार झाली.

तेव्हापासून चाहते ही तलवार घडवत आले आहेत. कुणी जुनी फ्लॅशची नळी शोधून, कुणी रेझिन ओतून. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या फेझर नावाच्या शस्त्राच्या आणि कम्युनिकेटरच्या हौशी प्रतिकृती तर त्याहूनही आधीच्या. त्यांपैकी कित्येकींनी आता चाळिशी ओलांडली आहे आणि त्या स्वतःच जतन करण्याजोग्या झाल्या आहेत. 'नक्कलच ती' म्हणून त्या बाजूला टाकणं मला अजिबात पटत नाही. इंटरनेट नसताना, पडद्यावरचं दृश्य पुन्हापुन्हा थांबवून माप काढणाऱ्या हातांचं ते काम आहे.

पण समोरची प्रतिकृती त्या काळातली की गेल्या वर्षीची, हे ओळखायचं कसं?

पहिला साक्षीदार म्हणजे माप. वस्तूभोवती सिलिकॉन रबराचा साचा करून त्यात पॉलियुरेथेन रेझिन ओततात. घट्ट होताना रेझिन किंचित आकसतं. शंभरात एखादा भाग, बहुतेकदा त्याहूनही कमी. डोळ्याला ते कळत नाही, व्हर्नियर कॅलिपरला कळतं. त्या ओतीव वस्तूवरून पुन्हा साचा केला, की फरक वाढतो, कडा बोथट होतात, कोरीव अक्षरं भरून येतात. शिवाय पहिल्या साच्यात कुठे हवेचा बुडबुडा अडकला असेल, तर त्याचा फुगवटा पुढच्या सगळ्या पिढ्यांमध्ये त्याच जागी दिसतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना अभ्यासकांनी पोथ्यांमधले समान पाठभेद आणि प्रक्षेप ताडून त्यांची घराणी लावली होती. इथेही तेच. दोन प्रतिकृतींमध्ये एकच चूक एकाच जागी असेल, तर त्यांचा पूर्वज एक.

दुसरा साक्षीदार आत असतो. प्रतिकृतीत इलेक्ट्रॉनिक भाग असतील, तर जुन्या चिपवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. ७८१२ म्हणजे १९७८ सालचा बारावा आठवडा. वस्तू त्याआधीची असूच शकत नाही. (नंतरची असू शकते, जुनी चिप नव्या खोक्यात बसवणं सोपं आहे.) निळा एलईडी तर फार बोलका. प्रखर निळे एलईडी बाजारात आले ते १९९३ नंतर, शास्त्रज्ञ शुजी नाकामुरा यांच्या कामामुळे. त्यामुळे १९८५ ची म्हणून विकायला आलेल्या वस्तूत तसा दिवा दिसला, तर एक तर तो मागाहून बसवला आहे किंवा वर्ष खोटं आहे. पृष्ठभागावर बारीक समांतर थर दिसले तर थ्रीडी प्रिंटरचा संशय घ्यावा. घरगुती प्रिंटर स्वस्त झाले ते २००९ नंतर.

ओळख पटली, की खरी काळजी सुरू होते. कपाटात जपून ठेवलेले बूट काही वर्षांनी काढावेत आणि दोन पावलांत त्यांच्या तळाचा भुगा व्हावा, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. हवेतली वाफ पॉलियुरेथेनच्या लांब साखळ्या तोडते, त्याचा हा परिणाम. जुन्या मुखवट्यांच्या आतला फोम असाच झडतो. मऊ पीव्हीसीमधला लवचिकपणा देणारा द्रव हळूहळू बाहेर झिरपतो. वस्तू चिकट होते, धूळ धरते. ती थर्मोकोलवर ठेवली, तर तो द्रव थर्मोकोललाही विरघळवतो. सेल्युलोज अॅसिटेटच्या भागाला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर तो लगेच वेगळा ठेवावा. त्यातून सुटणारं आम्ल त्याचीच झीज वाढवतं आणि शेजारच्या धातूलाही खातं.

म्हणून अंधार, थंडावा आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास किंवा कमी आर्द्रता. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हे सोपं नाही. सिलिका जेलच्या पुड्या वेळेवर बदलणं एवढं तरी जमतं. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळण्याचा मोह टाळावा. पिवळेपणा अनेकदा परत येतो, पृष्ठभागावरची जुनी खूण मात्र कायमची जाते.

खुणांचं मोल किती असतं, हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या 'एंटरप्राइझ' यानाने दाखवून दिलं आहे. 'स्टार ट्रेक'च्या चित्रीकरणासाठी १९६४ साली बांधलेली ही अकरा फुटी प्रतिकृती १९७४ मध्ये संग्रहालयाकडे आली. त्यानंतरच्या दुरुस्त्यांमध्ये तिच्यावर रंगाचे नवे हात चढले. अलीकडच्या जतनकार्यात तज्ज्ञांनी तिची क्ष-किरण तपासणी केली, रंगाचे थर एकेक करून उलगडले आणि १९६७ मधलं तिचं रूप परत आणलं. हे साधलं, कारण यानाच्या तबकडीसारख्या भागाच्या वरच्या बाजूला कुणी कधी नवा रंग दिला नव्हता. मूळ छटा तिथे शाबूत होती. २०१६ मध्ये ते यान पुन्हा प्रदर्शनात आलं.

तुमच्याकडे अशी एखादी जुनी वस्तू असेल, तर ती घासून नवी करू नका. तिचे फोटो काढा, कुठून आली आणि कोणती दुरुस्ती कधी केली ते कागदावर लिहून तिच्यासोबत ठेवा. आणि आत बॅटरी असेल तर ती आजच काढा.