ब्लॉकचेन सेतू

ब्लॉकचेन सेतू म्हणजे दोन स्वतंत्र ब्लॉकचेनमध्ये मूल्याची किंवा संदेशांची देवाणघेवाण घडवून आणणारी संगणकीय व्यवस्था होय. इंग्रजीत तिला क्रॉस-चेन ब्रिज म्हणतात. एकच ॲप अनेक नेटवर्कवर चालवायचे असल्यास बहुधा या व्यवस्थेचा आधार घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

बिटकॉइनचे नेटवर्क जानेवारी २००९ मध्ये, तर इथेरियमचे जुलै २०१५ मध्ये सुरू झाले. पुढे इथेरियमशी सुसंगत अशी अनेक नेटवर्क उभी राहिली. भारतीय अभियंत्यांनी २०१७ मध्ये सुरू केलेल्या मॅटिक प्रकल्पातून घडलेले पॉलिगॉन हे त्यांपैकी एक असून त्याच्या चाचणी-नेटवर्कचे नाव २०२४ पर्यंत ‘मुंबई’ असे होते. अशा सुसंगत नेटवर्कांवर एकच स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे अटी पूर्ण होताच आपोआप अमलात येणारा संगणकीय करार, जवळजवळ जसाच्या तसा बसवता येतो. एका नेटवर्कवरील सही दुसऱ्यावर वापरली जाऊ नये म्हणून प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो. इथेरियमचा १, पॉलिगॉनचा १३७.

खरी अडचण कराराची नसून त्यातील नोंदींची आहे. प्रत्येक ब्लॉकचेन ही स्वतःपुरती मिटलेली नोंदवही असते. तिच्यातील संगणक केवळ तिच्याच नोंदी पडताळतात. शेजारच्या वहीत काय लिहिले गेले, हे त्यांना आपणहून कळत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते.

कार्यपद्धती

‘सेतू’ हा शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे, कारण त्यावरून काहीही पलीकडे जात नाही. मूळ नाणे पहिल्या नेटवर्कवर कुलूपबंद होते आणि दुसऱ्यावर त्याच मूल्याचे प्रतिनिधी टोकन निर्माण केले जाते. शेतकऱ्याने धान्य गोदामात ठेवावे आणि बाजारात गोदामाची पावती फिरावी, तसाच हा प्रकार. जानेवारी २०१९ मध्ये इथेरियमवर आलेले रॅप्ड बिटकॉइन हे अशा पावतीचे ठळक उदाहरण होय. गोदाम रिकामे झाले, तर पावतीला किंमत उरत नाही.

नाणे खरोखर कुलूपबंद झाले, याची साक्ष कोणी द्यायची, यावर सेतूंचे प्रकार ठरतात. इथेरियमचे एक संस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी २०१६ मधील निबंधात तीन मार्ग सांगितले: निवडक साक्षीदारांनी सह्या करणे, एका साखळीने दुसरीच्या नोंदींचा पुरावा स्वतः तपासणे आणि गुप्त संकेताच्या कुलपाने दोन्ही बाजूंचे व्यवहार एकमेकांना बांधणे. कॉसमॉस नेटवर्कांमधील, २०२१ पासून वापरात असलेली आयबीसी पद्धत दुसऱ्या मार्गाची आहे. पहिला मार्ग स्वस्त आणि जलद, म्हणून लोकप्रिय. मात्र मोठ्या चोऱ्यांपैकी काही त्याच मार्गावर झाल्या.

सुरक्षितता

ॲक्सी इन्फिनिटी या खेळासाठी बांधलेल्या रोनिन सेतूवर नऊ साक्षीदार होते व पाच सह्या पुरेशा होत्या. त्यांपैकी चार किल्ल्या स्काय मेव्हिस या एकाच कंपनीकडे होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाचा भार वाढल्याने पाचव्या साक्षीदाराच्या वतीने सही करण्याची मुभाही त्याच कंपनीला मिळाली. डिसेंबरमध्ये ती गरज संपली, पण मुभा काढून घेण्याचे राहून गेले. २३ मार्च २०२२ रोजी हल्लेखोरांनी या पाच सह्यांच्या बळावर १,७३,६०० इथर आणि २ कोटी ५५ लाख यूएसडीसी पळवले. कोणत्याही ब्लॉकचेनचे गणित त्यासाठी मोडावे लागले नाही. एका ग्राहकाला आपली रक्कम काढता येईना, तेव्हा सहा दिवसांनी, २९ मार्चला, चोरी उघडकीस आली. पुढे अमेरिकेच्या एफबीआयने तिचा संबंध उत्तर कोरियाच्या लाझारस गटाशी जोडला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत वर्महोल सेतूवर सही तपासण्यातील दोषामुळे, मागे काहीही जमा नसताना १,२०,००० टोकन सोलाना नेटवर्कवर निर्माण झाले होते. ऑगस्टमध्ये नोमॅड सेतूचा दोष इतका सोपा निघाला की पहिल्या चोराचा व्यवहार पाहून इतर अनेकांनी त्याची नक्कल केली.

मतभेद

जानेवारी २०२२ मध्ये ब्युटेरिन यांनी असे मत मांडले की भविष्यात अनेक साखळ्या राहतील, परंतु त्यांच्यातील सेतूंना सुरक्षिततेची मूलभूत मर्यादा राहील. साक्षीदार प्रामाणिक असले तरी मूळ नेटवर्कवर बहुमत मिळवणारा हल्लेखोर आपली जमा नोंद मागाहून रद्द करू शकतो. दुसऱ्या नेटवर्कला ते उमगत नाही आणि तिथे दिलेली पावती बाजारात तशीच फिरत राहते.