श्रावणातील संयम आणि शरीराचा ताळेबंद

आषाढ अमावास्या उलटली की उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील अनेक घरांत मद्य आणि मांसाहार महिनाभर वर्ज्य होतो. अंबरनाथच्या इ. स. १०६० मधील शिवमंदिरात श्रावणी सोमवारी भाविकांची रीघ लागते. एरवी नित्यनेमाने पिणारा गृहस्थही या महिन्यात पेल्याला स्पर्श करीत नाही. या संयमाने शरीरास नेमके काय लाभते, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने वैद्यकीय बाबी डॉक्टरांकडून समजावून घेऊन येथे मांडीत आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. मद्यामुळे झोप लवकर लागते, परंतु उत्तररात्री ती मोडते. मद्य सुटल्यावर पहिल्या काही रात्री अस्वस्थ जातात आणि नंतर झोप सलग होऊ लागते. एक ग्रॅम मद्यार्कातून सुमारे सात कॅलरी मिळतात, त्या टळल्याने वजन उतरते. यकृतात साठलेली चरबी काही आठवड्यांत ओसरू लागते. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील अभ्यासात मध्यम ते अधिक मद्यपान करणाऱ्या ९४ निरोगी व्यक्तींनी महिनाभर मद्य सोडले. त्यांचे वजन सरासरी दीड टक्क्याने, रक्तदाब सुमारे सहा टक्क्यांनी आणि इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटला. घरखर्चाचा हिशेबही बोलका आहे. रोज दीडशे रुपये मद्यावर जात असतील, तर तीस दिवसांत साडेचार हजार रुपये मुलांच्या शिक्षणासाठी शिल्लक राहतात.

आता एक गंभीर सूचना. वरील लाभ व्यसनाच्या पूर्ण आहारी न गेलेल्यांचे आहेत. जो वर्षानुवर्षे भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी पेला घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत, त्याने एकाएकी मद्य सोडणे जिवावर बेतू शकते. मद्य मेंदूस सतत मंदावते आणि त्याला तोंड देण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. मद्य अचानक थांबले की ती उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या दिवशी कंप, घाम व उलट्या होतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम व तीव्र ज्वर उद्भवू शकतो. अशा वेळी पुष्कळ कुटुंबे ‘बाहेरची बाधा’ समजून मौल्यवान तास गमावतात. शपथ घालून घरात कोंडून ठेवण्याऐवजी अशा रुग्णास डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे व बी-१ जीवनसत्त्व देऊन मद्यमुक्त करणे हाच सुरक्षित मार्ग होय.

महिना संपल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे. अमावास्येच्या रात्री ‘गटारी’त अतिरेक करणे आणि श्रावण सरताच पूर्वपदावर येणे म्हणजे जमा झालेली रक्कम एका दिवसात उधळणे होय. यकृत कठीण झाले असल्यास एका महिन्याने ते पूर्ववत होत नाही, मात्र मद्य कायमचे सोडल्यास पुढील हानी पुष्कळ अंशी रोखता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे की, आरोग्यास सर्वस्वी निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही.

ज्यास महिनाभरही थांबता आले नाही, त्यास दोष देऊ नये. ते आजाराचे लक्षण समजावे. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी हा रुग्ण आहे, ही दृष्टी महाराष्ट्रास दिली. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.

देणगीदार व विश्वस्तांच्या पाठबळाने रुग्णाची खाट उपलब्ध होते, परंतु त्याला वेळेवर तेथवर आणणे कुटुंबाच्याच हाती असते. येत्या श्रावणात घरातील कोणी मद्य सोडण्याचा संकल्प केला, तर त्याचे कौतुक अवश्य करावे, आणि त्याचे हात थरथरू लागल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे, ही नम्र विनंती.