कायदा तुमचा, माणसं आमची

आपल्याकडे मुंबईचा शेरीफ म्हणजे मानाचं पद. अमेरिकेतला शेरीफ मात्र लोकांनी निवडून दिलेला, रोजचं पोलीसकाम करणारा. मोंटानातल्या रव्हाली काउंटीचे शेरीफ जे प्रिंट्झ असेच एक. १९९३ साली वॉशिंग्टनने ब्रॅडी कायदा केला: कुणी पिस्तूल विकत घ्यायला आलं, की पाच दिवसांत त्याची पार्श्वभूमी स्थानिक पोलीसप्रमुखाने तपासायची. प्रिंट्झ कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा साधा होता. मला निवडलं इथल्या लोकांनी. मग वॉशिंग्टनची हमाली मी का करू?

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांची बाजू उचलून धरली. संघीय सरकारने कायदा जरूर करावा, पण तो राबवायला राज्याची यंत्रणा हुकूम सोडून जुंपता येणार नाही.

मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. तहसीलदार राज्याचा, पण केंद्राचा कायदाही त्याच्याच टेबलावरून पुढे सरकतो. आपल्या घटनेच्या कलम २५६ ला तेच अपेक्षित आहे. अमेरिकेत दोन सरकारं, दोन नोकरवर्ग.

संघाला जे अधिकार दिलेले नाहीत ते राज्यांचे किंवा जनतेचे, असं १७९१ ची दहावी घटनादुरुस्ती सांगते. पण दिलेल्या अधिकारांतला एक, आंतरराज्य व्यापाराचा, भलताच लवचीक निघाला. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला ११.१ एकर गव्हाची परवानगी होती, त्याने पेरला २३ एकर. जादा गहू आपल्याच घराला आणि जनावरांना, असं तो म्हणाला. तरी १९४२ मध्ये तो हरला: असे सगळेच वागले तर देशभरचा बाजारभाव हलेल, म्हणून घरचा गहूसुद्धा व्यापारात आला! २००५ मध्ये हाच न्याय कॅलिफोर्नियात औषधासाठी घरी लावलेल्या गांजाला लागला.

म्हणजे गांजावरची १९७० ची संघीय बंदी वैध. तरीही कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ ला गांजाची दुकानं राजरोस उघडली. कशी? राज्याने २०१२ च्या जनमताने आपल्यापुरती बंदी उठवली आणि राज्याचे पोलीस बाजूला झाले. संघाचे एजंट धाड घालू शकतात, पण गल्लोगल्ली पुरतील एवढे ते नाहीत. बँका मात्र संघीय कायद्याला बांधलेल्या. त्यामुळे बऱ्याच दुकानदारांना खातंच मिळेना. गल्ल्यात नोटांच्या थप्प्या आणि दाराशी पहारेकरी.

हुकूम चालत नाही तिथे वॉशिंग्टन थैलीचं तोंड आवळतं. १९८४ च्या कायद्याने राज्यांना सांगितलं, दारूचं वय २१ करा, नाहीतर महामार्गाचा काही निधी कापू. साउथ डकोटात एकोणिसाव्या वर्षी सौम्य बिअर मिळायची; ते राज्य भांडलं आणि १९८७ मध्ये हरलं. पाच टक्क्यांची कपात म्हणजे नुसतं आमिष, असं न्यायालयाला वाटलं.

२०१२ मध्ये मात्र ताणलं ते तुटलं. गरिबांच्या आरोग्यासाठीची मेडिकेड योजना वाढवा, नाहीतर आधीपासूनचा सगळा निधी जाईल, अशी अट होती. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांना ही थेट डोक्याला लावलेली बंदूक वाटली. ती खाली ठेवायला लागली, आणि वाढ घ्यायची की नाही हे राज्यांवर आलं. टेक्सास आणि फ्लोरिडाने ती घेतली नाही.