खडशी माशाचें वय आणि वाढ

नदीकांठच्या आमच्या शेतकरी बंधूंस खडशी मासा नवा नाहीं. गळाचे शौकीन ज्याला महासीर म्हणून वाखाणतात, तोच हा. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं पुण्याच्या मुळामुठेंतील माशावरून त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. मासा किती वजनाचा निघाला हें सारे सांगतात. तेवढा होण्यास त्याला किती वर्षें लागलीं हें मात्र कोणी पुसत नाहीं. त्याचा लेख माशाच्या अंगावरच असतो.

पाठीवरील पराच्या खालच्या बाजूचें एक खवलें काढून धुवावें व भिंगाखालीं धरावें. मध्याभोंवतीं बारीक रेषा दिसतात. खाणें मुबलक असतां त्या विरळ पडतात व वाढ मंदावली कीं दाट होतात. दाट रेषांचें एक कडें म्हणजे सामान्यतः एक वर्ष. महसुलाच्या दप्तरांत वावरलेल्या आम्हांस तर दोन कड्यांमधील अंतर ही त्या सालाची आणेवारीच वाटते. पुढचें काम त्रैराशिकाचें. समजा, मासा ६० सेंटीमीटर लांब आहे, खवल्याच्या मध्यापासून कडेपर्यंत २० मिलिमीटर भरतात व दुसरें कडें ८ मिलिमीटरांवर आहे. तर दोन वर्षांचा असतां तो सुमारें २४ सेंटीमीटर होता.

मात्र थंड देशांत हिंवाळ्याचें कडें जसें स्पष्ट उमटतें, तसें आपल्याकडे नेहमीं उमटत नाहीं. आटलेलें पाणी, विणीचा ताण किंवा आजार यांनींही खोटें कडें पडतें. यास्तव अनेक माशांचीं खवलीं निरनिराळ्या महिन्यांत तपासावीं. गळून पुन्हा आलेल्या खवल्याचा मध्य कोरा असतो; तें टाकून द्यावें.

रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागें लाखांनीं अंडीं घालते. खडशीचीं अंडीं कांहीं हजारच. लोणावळ्यानजीक वळवण येथें टाटा वीज कंपनीच्या केंद्रांत १९७० नंतर या माशाचें बीज तयार होऊं लागलें, परंतु बोटाएवढ्या पिलास मोठें होण्यास वर्षें तीं लागणारच. चैत्र-वैशाखांत नदी आटली म्हणजे लहानमोठे सारे मासे एकाच डोहांत गोळा होतात. तेथें सुरुंग उडविला किंवा विष कालविलें तर सर्व वयाचे मासे एकदम नाहींसे होतात. १८९७ च्या मत्स्यकायद्यानेंच या दोहोंस मनाई केली होती. महाडजवळ वाळणकोंडींत देवीच्या श्रद्धेनें मासे मारीत नाहींत व तेथें खडशी टिकून आहेत. आपल्या शिवारांतील डोहावर ज्यांचे पंप आहेत, त्यांनीं निदान उन्हाळ्याचे दोन महिने तळ उघडा पडेल इतका उपसा करूं नये.