सॅकमधलं स्वयंपाकघर

छत्रपती संभाजीनगरहून अंतूर किल्ल्यावर किंवा म्हैसमाळला एकट्यानं निघालात, की पाण्याचंच ओझं मोठं : १ लिटर म्हणजे १ किलो. म्हणून वजन वाचवायचं ते भांड्यांत.

● आकार : पाऊण ते १ लिटरचं झाकणाचं एकच पातेलं पुरे. चहा, मॅगी, मुगाची खिचडी सगळं त्यातच. झाकणानं इंधन वाचतं.

● धातू : एका घन सेंटिमीटरचं वजन अॅल्युमिनियमचं २.७ ग्रॅम, टायटॅनियमचं ४.५, स्टीलचं सुमारे ८. टायटॅनियमचा पत्रा पातळ; पाणी उकळायला उत्तम, पण खिचडी बुडाला लागते. शिजवायला हार्ड अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियम घ्या. साध्या अॅल्युमिनियममध्ये चिंच-टोमॅटो शिजवू नका.

● खरेदी : दुकानातल्या काट्यावर झाकणासकट वजन करा. घडीची मूठ असेल तर सांडशी घरीच राहते.

● भरणी : डाळ-तांदळाची पुरचुंडी आणि काडेपेटी पातेल्यातच ठेवा.

● जंगल : अंतूरच्या परिसरातल्या गौताळा अभयारण्यात विस्तव पेटवू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात आग लावणं गुन्हा आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला एक ठिणगी पुरते. स्वयंपाक पायथ्याच्या गावातच उरका.