लंबक आणि खुर्ची

1672 साली ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलनिरीक्षक दक्षिण अमेरिकेतल्या काएनला पोहोचला. गाव विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवर. जायचं होतं मंगळाच्या निरीक्षणांसाठी, पण तिथे भलतंच कोडं समोर आलं. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं लंबकाचं घड्याळ रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक जवळपास तीन मिलिमीटरने आखूड केला, तेव्हा कुठे ते ताळ्यावर आलं.

घड्याळ धड होतं. बदलली होती ती जागा. लंबकाचा गोळा शिशाचा असो की लाकडाचा, लांबी तीच असेल तर झोक्याचा वेळ ठरवते ती फक्त तिथली ओढ. एक किलोग्रॅम वस्तुमानाला ती जागा किती न्यूटन बलाने ओढते, हीच गुरुत्वक्षेत्राची तीव्रता. ध्रुवावर ती 9.83, विषुववृत्तावर 9.78. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यावर फुगलेली आहे, म्हणून हा फरक. न्यूटनने 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त रिशेच्या निरीक्षणांचा आधार घेतला. अडीच मिनिटांच्या गफलतीतून अख्ख्या पृथ्वीचा आकार हाती लागावा, हे मला आजही अजब वाटतं.

वस्तुमान गुणिले ही तीव्रता म्हणजे वजन. 50 किलोच्या मुलाचं वजन इथे सुमारे 490 न्यूटन, चंद्रावर 81. वस्तुमान दोन्हीकडे 50 किलोच.

मग चारशे किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या अंतराळस्थानकात वजनकाटा शून्य का दाखवतो? तिथे गुरुत्व नाही म्हणून? छे! तिथेही तीव्रता 8.7 च्या आसपास असते. पण माणूस आणि काटा दोघेही एकाच वेगाने पृथ्वीभोवती पडत असतात. काट्यावर भार द्यायला कुणी उरतच नाही. डॉक्टरांना मात्र अंतराळवीराचं शरीर किती झिजलं हे कळायला हवंच.

त्यावरची युक्ती 1973 मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर वापरली गेली: स्प्रिंगची खुर्ची. अंतराळवीराने तिच्यात बसून स्वतःला घट्ट बांधून घ्यायचं आणि खुर्ची मागेपुढे हलू द्यायची. वस्तुमान जितकं जास्त, तितका एकेका हेलकाव्याला वेळ जास्त. गुरुत्वाचा इथे संबंधच नाही. लंबकाला वस्तुमानाचा पत्ता नसतो, या खुर्चीला जागेचा. वजनात गुंतलेल्या दोन गोष्टी दोन झोक्यांनी अशा सुट्या केल्या आहेत. माझ्या मते वजनाचा धडा इथूनच सुरू व्हायला हवा.

लंबक तर दोरी आणि कुलूप घेऊन घरीही करता येतो. टांगलेल्या जागेपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर भरेल अशी दोरी बांधा, लहानसा झोका द्या आणि जाऊन-येऊन असे दहा झोके मोजा. वीस सेकंद लागले, तर एका झोक्याचे दोन. लंबकाच्या सूत्रातून येणाऱ्या 39.5 ला दोनाच्या वर्गाने भागा. तुमच्या घरातल्या गुरुत्वक्षेत्राची तीव्रता मिळेल, 9.8 च्या अगदी जवळ.